चुन्याचे क्रूस

मंगळवार, १४ तारीख

धाकट्या,

तुझा पोरगा जिवंत आहे. हे आधी लिहितो. लहानपणी कुणी गोष्ट सांगायला लागलं की तू शेवट आधी विचारायचास, आणि शेवट वाईट असला तर उठून जायचास. तेव्हा बस, उठू नकोस.

लंबूचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकलेत आणि नळीतून पातळ घालतात. किती बरगड्या गेल्या ते डॉक्टर दर वेळी वेगळं सांगतात. डाव्या डोळ्याचं विचारलं की ते कागद चाळायला लागतात. पाठीवर कातडी कमी आणि वळ जास्त. तुझी बायको, आपली धाकटी, त्याच्या उशाशी बसून असते. तू कुठे लपलायस ते धाकटीला ठाऊक आहे. ती मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही. पोलीस दारात आले तर मला खोटं बोलायला लागू नये. तुझ्या कपड्यांच्या पिशवीत ही चिठ्ठी घालीन म्हणाली.

तू निरोप पाठवलास, 'दादाला विचार, कुणी मारलं.' ते आज लिहीत नाही. 

रविवारी उपासना सुटल्यावर तू चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून भाषण केलंस. 'आपलं चर्च, आपलं गाव, आपली पोरं.' मग ट्रकमध्ये बसून गावाबाहेर निघून गेलास, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तू तिथं नव्हतासच. हुशार आहेस. पण ती माणसं तुझ्या रक्षक मंडळाची होती, त्यांच्या दंडावरच्या पांढऱ्या पट्ट्या तुझ्या घरी शिवल्या होत्या. खालच्या गल्लीत त्यांनी काय केलं ते ती तुला धड सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा म्हातारा विणकर मेला. त्याला पायांना धरून घरातून ओढत आणलं. डोकं उंबऱ्यावर आपटलं तेव्हाच त्याचं बोलणं थांबलं होतं, तरी नंतर बराच वेळ मारत होते. जिवंत माणसाला मारल्याचा आवाज वेगळा आणि मेलेल्याला मारल्याचा वेगळा. दुसरा ओल्या पोत्यासारखा येतो. मला कमी ऐकू येतं, तरी कळला, मारणाऱ्यांना कसा कळला नाही देव जाणे. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दोघांनी मिळून दार लावलं. माग कुऱ्हाडीने फोडले, सूत पेटवलं. सूत पेटलं की कागद जळल्यासारखा वास येतो. अजून माझ्या कपड्यांना येतो आहे.

संध्याकाळी गल्ली झाडताना एक दांडकं सापडलं. रक्त आणि केस चिकटलेले. पुसलं, तर त्यावर तीन खाचा आणि मध्ये गोल मणी. हे कातकाम माझं आहे. चर्चच्या जुन्या बाकांचे पाय. मोडकी बाकं जळणाला नेतो म्हणून तू कोठारातून ट्रक भरून नेलीस, ती या कामाला. माझ्या लेथवर कातलेलं लाकूड, धाकट्या, ज्यावर माणसं बसून डोळे मिटायची. मी ते धुऊन ठेवलंय. जाळवत नाही, आणि समोर बघवतही नाही.

जेवून घेत जा.

दादा


गुरुवार, १६ तारीख

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'त्यांनी माझ्या पोराला हात लावला. येत्या रविवारी ती गल्ली राहणार नाही. वहिनीला घेऊन वर आमच्या घरी जा.' एवढंच. तुझी वहिनी वाचून म्हणाली, "भावजींना कळवा, मी कुठे जायची नाही. चुलीवर दूध ठेवलंय, उतू जाईल."

'त्यांनी' म्हणजे कुणी? तुला कुणी सांगितलं? मी तर अजून काही लिहिलेलं नाही. पोराला तर तोंडच उघडता येत नाही. त्याच्या हातात पेन्सिल दिली, तर त्याने ती परत माझ्या खिशात खोचली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तू तिला त्यांची गल्ली म्हणतोस. मी उभा जन्म तिथं काढला. एका आड एक दार आपल्या लोकांचं, एका आड एक बाहेरून आलेल्या विणकरांचं. त्यांचा देव निराळा, हे खरं. पण पाणी एकाच नळाचं भरतो आणि त्या नळावर भांडणंही एकाच भाषेत होतात. ज्यावरून हे सगळं पेटलं ती चर्चची काच कुणी फोडली हे आजवर कुणाला ठाऊक नाही. तुला मात्र दुसऱ्या दिवशीच ठाऊक झालं.

आणि सगळ्यात मोठी गंमत सांगू? ज्याच्या नावाने हे चाललंय, तो आहे असं तुला वाटतच नाही. बाबांना पुरून आपण तुझ्या ट्रकमधून परत येत होतो, आठवतं का? तू विचारलंस, "दादा, तू खरंच बोलतोस त्याच्याशी?"

"बोलतो की."

"मग तो काय म्हणतो?"

"बहुतेक वेळा गप्प असतो. पण तुझ्यासारखं मध्येच तोडत नाही."

तू हसलास. मग म्हणालास, "मला नाही पटत बाबा. पण देव असो नसो, चर्च आपलं आहे. दुसऱ्या बाकावर आज्याच्या नावाची पितळी पट्टी आहे. आपण कोण, ते त्या पट्टीवरून कळतं."

 विश्वास झोपेसारखा असतो, दटावून येत नाही. मला वाटायचं, असू दे, पट्टी तर पट्टी, निदान बाकाला धरून आहे. ते बाक कुठवर जाईल हे मला दिसलं नाही. तुझी वहिनी तेव्हाच म्हणाली होती, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. वाळा कथलाचा असेना का, पण भावजी तो लोकांच्या डोक्यात घालतील एक दिवस." मी तिलाच रागावलो होतो.

गेल्या शनिवारी पाळकसाहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, उद्या वेदीवरून एक शब्द बोला, लोक तुमचं ऐकतील. ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, "मिस्त्री, मंडळाच्या लोकांनी छप्पर घालून दिलंय." मी म्हटलं, "छप्पर घातलंय, म्हणून वरचं दिसेनासं झालंय का?" ते उठून खिडकी लावायला गेले. वाईट माणूस नाही. घाबरट आहे. घाबरटपणाने जेवढं रक्त सांडतं तेवढं वाईटपणाने सांडत नसेल.

मग मी घरी येऊन माझं डोकं चालवलं. शनिवारी तुझ्या मंडळाने दवंडी दिली होती ना, की आपल्या लोकांनी आपापल्या दारावर खडूने क्रूस काढावा, म्हणजे रविवारी त्या दाराला धक्का लागणार नाही. मी बादलीभर चुना कालवला. रविवारी सगळे उपासनेला गेले तेव्हा मी गल्लीतल्या एकूण एक दारावर क्रूस काढला. आपल्यांच्याही आणि त्यांच्याही. खडूचे पुसून चुन्याचे, एकसारखे. हो, तो मीच. तुझी माणसं त्याला शोधत आहेत असं ऐकलं, म्हणून सांगून टाकतो.

रविवारी येऊ नकोस. कुणाला पाठवू नकोस. लंबूचं मी तुला सांगीन.

दादा


शुक्रवार, १७ तारीख

धाकट्या,

धाकटी म्हणते ट्रक जमायला लागलेत. तेव्हा आता लपवून चालणार नाही. हे पत्र वाचताना जवळ कुणी असलं तर त्याला बाहेर घालव.

चुना एकट्याने लावला नव्हता. लंबू बरोबर होता. जहाजावरून तो शुक्रवारीच उतरला होता. पूर्वीसारखा बापाआधी काकाकडे आला, आणि तुझ्या घरी पट्ट्या शिवणं चाललंय हे कळल्यावर तिकडे फिरकलाच नाही. माझ्या गुडघ्यांना शिडी झेपत नाही आणि त्याला शिडी लागत नाही. चौकटीच्या वरचे सगळे क्रूस त्याने काढले. हसत होता. म्हणाला, "काका, एवढे क्रूस मी सात समुद्रांत मिळून पाहिले नाहीत."

फक्त म्हाताऱ्या विणकराने अडवलं. बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री, पुसा ते."

मी म्हटलं, "अहो, दोन दिवस राहू द्या. मी स्वतः येऊन पुसतो."

"तुमचा देव चांगला असेल. पण हे दार माझं आहे, इथं माझ्या देवाला तोंड दाखवायचं असतं मला. खोटं सांगून जगायचं वय गेलं माझं. पुसा, नाहीतर मी पुसतो, आणि मला स्टुलावर चढवत नाही."

लंबूनेच हात वर करून पुसला. अख्ख्या गल्लीत तेवढं एक दार कोरं राहिलं.

तुझी माणसं आली ती तोंडाला फडकी बांधून. पुढे तुझा ड्रायव्हर, तो नवा, ज्याला तू 'माझा उजवा हात' म्हणतोस. दारं बघून सगळे थबकले. तो म्हणाला, "एवढे सगळे आपले? मग रविवारी बसायला जागा कशी मिळते?" एक-दोघे हसले. मला वाटलं, जमलं. आता परत जातील. आणि मग त्याने ते कोरं दार बघितलं.

लंबू आत शिरला होता, म्हाताऱ्याला मागच्या बाजूने काढायला. आतून धूर यायला लागला म्हणून त्याने म्हाताऱ्याची शाल डोक्यावरून घेतली होती. दोघांना एकदमच बाहेर ओढलं. म्हाताऱ्याचं तुला लिहिलंच आहे. लंबू सात वर्षं बाहेर, दाढी वाढलेली, शाल त्यांची. ओळखणार कोण? ड्रायव्हरने त्याचे हात उलटे करून बघितले. कोपरापर्यंत चुना. म्हणाला, "हा बघा, खोटे क्रूस काढणारा."

लंबू म्हणाला, "तुमच्या साहेबांचा मुलगा आहे मी."

"आज सगळेच साहेबांचे मुलगे आहेत. आपला असशील तर प्रार्थना म्हण. प्रभूची."

मी ओरडत होतो, धाकट्या. मला दोघांनी माझ्याच भिंतीला दाबून धरलं होतं. साहेबांचे भाऊ म्हणून मारत नव्हते, एवढंच. मी ओरडलो, "अरे, तो खरंच त्याचा मुलगा आहे." ड्रायव्हर माझ्याकडे वळला. आवाजही चढवला नाही त्याने. म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही तर सगळ्या गल्लीला आपलं म्हणून बसलात. तुमचं कोण खरं मानणार?"

गल्लीभर खोटं लिहून ठेवलं होतं मी. त्यातलं एक खरं कुणी ऐकलं नाही.

पोराने प्रार्थना सुरू केली. पित्याला हाक मारली, नाव पवित्र म्हटलं, राज्य म्हटलं, भाकरीपर्यंत आला. आणि अडकला. पुढचं त्याला येत नव्हतं. त्याच्याकडून कुणी म्हणून घेतलंच नव्हतं. तुमच्या घरी पट्टीला पॉलिश व्हायचं, प्रार्थना व्हायची नाही. तो पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला, शाळेतल्या पोरासारखा, आणि पुन्हा भाकरीपाशी थांबला. भाकरीच्या पुढे काय आहे तुला आठवतं? क्षमेचं आहे. आम्ही जशी इतरांना केली तशी तू आम्हाला कर, ते.

पहिला दांडका तोंडावर बसला. जबडा तेव्हाच गेला. नंतर तर त्याला म्हणताच येणार नव्हतं, तरी ते "म्हण, म्हण" म्हणून मारत होते. डोळ्यावर ड्रायव्हरचा बूट बसला. मी पाहिला.

आणि मग म्हाताऱ्याच्या सुनेला पुढे ढकललं. तिला तेच सांगितलं, म्हण. तिने म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. मला कमी ऐकू येतं म्हणून मी रोज सकाळी लेथ चालू असताना मोठ्याने म्हणतो, आणि भिंत पातळ आहे. मध्ये ज्या जागी मी पट्टा ओढायला थांबतो, तिथं तीही थांबली. समोर सासरा पडला होता आणि ती माझ्या आवाजाच्या चालीत आमेनपर्यंत गेली. त्यांनी तिला सोडलं. "ही आपली आहे" म्हणाले.

बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलेलं पोर परकं ठरलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी नाही मारलं, धाकट्या. आपण मारलं. चुना माझा, लाकूड माझं, माणसं तुझी.

आता तू रविवारी कुणाची गल्ली जाळणार?

दादा


मंगळवार, २१ तारीख

धाकट्या,

रविवारी कुणी आलं नाही. गल्लीतली माणसं दिवसभर दाराआड बसून होती. म्हाताऱ्याला त्यांच्या रीतीने नेलं, मीही गेलो. त्याच्या सुनेने मला पाहिलं न पाहिलंसं केलं. बरोबर आहे तिचं.

मला वाटलं, माझ्या पत्राने तुझं मन वळलं. म्हाताऱ्या माणसाला असं चटकन वाटतं. मन वळलं नव्हतं, नुसता मोहरा फिरला होता. काल दुपारी तुझा ड्रायव्हर माझ्या कारखान्याच्या मागच्या दाराने आत आला. एक कान अर्धा तुटून लोंबत होता, शर्ट रक्ताने छातीला चिकटलेला. तू पाठवलेल्या दोघांनी त्याला घरात गाठलं होतं, खिडकीतून उडी मारून पळाला म्हणे. सगळं गाव सोडून इथं आला, कारण तू इथं येणार नाहीस असा त्याचा हिशेब.

"मिस्त्री," म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"तो साहेबांचा मुलगा आहे ते."

तुझी वहिनी मागे उभी होती. म्हणाली, "आणि म्हातारा कुणाचा तरी बाप आहे, ते माहीत होतं का रे?"  तिने आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग पाणी दिलं, मग सुई-दोरा उकळून कान शिवला. शिवताना मुद्दाम हळूहळू शिवला असं मला वाटतं.

तो भुशाच्या ढिगावर पडल्या पडल्या झोपला. मी समोर बसलो होतो. हातात पटाशी होती, नुकतीच धार लावलेली. मानेची शीर उडत होती त्याची. खरं सांगतो, तुझ्याशी आता खोटं बोलण्यात अर्थ नाही: कितीतरी वेळ मी त्या शिरेकडे बघत होतो आणि देवाशी भांडत होतो. म्हटलं, तुझ्याकडे मागितलं होतं पोराचा डोळा वाचव म्हणून, आणि तू पाठवलास कोण, तर हा? नेहमीसारखा तो गप्प. मी पटाशी ठेवली ती काही मोठेपणाने नाही. ढिगाऱ्यात त्याच्या हाताशी ते धुतलेलं दांडकं पडलं होतं आणि मला वाटलं, आपल्या लाकडाने एक मेला तेवढा पुरे, आता लोखंडाने नको.

तर तो माझ्याकडे आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. उद्या सकाळी मी त्याला चौकीत घेऊन जाणार आहे. तो सगळं सांगायला तयार आहे, म्हातारा, लंबू, पट्ट्या, बाकं, आणि कुणी काय सांगितलं होतं तेही. तुझं नाव येणार. ते मी टाळणार नाही. तू माझा पाठचा भाऊ आहेस, आणि तरीही मी ते टाळणार नाही.

त्याला मारलंस तर पोराचा डोळा परत येणार असता, तर मी कडी काढून बाजूला झालो असतो. येणार नाही, म्हणून दारात बसलो आहे.

स्वतः हजर झालास तर मी बरोबर येईन. नाश्ता करून निघू.

दादा


रविवार, ९ तारीख

भावजी,

हे पत्र यांचं आहे, अक्षर माझं आहे. यांचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे आणि डाव्याने लिहितात ते कोंबडीने उकरल्यासारखं दिसतं. हे सांगतात ते मी लिहिते. जिथे मला राहवणार नाही तिथं माझं घालीन.

धाकट्या,

तुरुंगात पत्र आधी दुसरे वाचतात म्हणे. वाचू देत. मंगळवारी मी कोर्टात उभा राहणार. तिथं जे सांगणार ते आधी तुला सांगतो. पाठीमागून बोललो असं तुला वाटू नये.

मी सांगणार, की तू पहाटेच आलास. एकटा, लोखंडी पहार घेऊन. मी दारात होतो. तू म्हणालास, "दादा, हो बाजूला." मी म्हटलं, "नाही." तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. मी हात वर केला, मारायला नाही, अडवायला. मनगटाचं हाड मोडताना ते मला ऐकू आलं, आणि मला तर एरवी घंटासुद्धा धड ऐकू येत नाही. मी पडलो. तू माझ्या पोटावर पाय देऊन आत गेलास. हे सांगताना मला लाज वाटेल, तुझ्यासाठी. पण सांगणार.

जाताना तू म्हणालास, "बोलाव तुझ्या देवाला." मी बोलावलं होतं. तो आला का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. ही आली.

(मी दूध घेऊन येत होते. बाकी हे उगाच वाढवतात.)

तू ड्रायव्हरला लेथखालून केसांना धरून काढलंस. गुडघ्यांवर बसवलंस. पहार त्याच्या डोक्यावर धरलीस आणि म्हणालास, "म्हण. माझ्या पोराला म्हणायला लावलीस ना? आता तू म्हण." तो म्हणायला लागला. रडत, शेंबूड गळत, पित्यापासून सुरू करून भाकरीपर्यंत आला. आणि तिथंच थांबला. त्यालाही पुढचं येत नव्हतं. दहाच दिवसांपूर्वी त्याने एका पोराचा जबडा ज्या जागेवर फोडला, ती जागा त्यालाच येत नव्हती.

तू हसलास. मी तसं हसणं कधी ऐकलं नव्हतं. पहार वर नेलीस.

तेव्हा ही म्हणाली ते हिलाच लिहू दे.

(मी म्हटलं, "भावजी, पुढचं तुम्ही म्हणा. पुढचं ठाऊक असेल तर मारा." मला काही सुचून म्हटलं नाही. राग आला होता म्हणून म्हटलं.)

तू थांबलास. तुझे ओठ हलले. भाकरी म्हणालास. मग पुन्हा भाकरी म्हणालास. मग जमिनीवर पडलेल्या माझ्याकडे बघून विचारलंस, "पुढे काय आहे, दादा?"

मी सांगितलं. 

तू ऐकलंस. आणि पहार खाली आणलीस. कोर्टाला मी खोटं सांगणार नाही, की ऐकून तू ती टाकून दिलीस. डोक्यावर आणली नाहीस, गुडघ्यावर आणलीस. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला, तो यापुढे गाडी चालवणार नाही. मग तू माझा लेथ फोडलास, खिडक्या फोडल्यास, उभी केलेली सगळी चौकटीची लाकडं आडवी केलीस, आणि दम लागल्यावर भुशात बसलास. पोलीस येईपर्यंत तसाच बसून होतास. हिने तुला पाणी दिलं, ते तू प्यालास. एवढं सगळं मी सांगणार. जे केलंस तेही, आणि जे करायचं राहिलं तेही.

म्हाताऱ्या विणकराची सूनही येणार आहे साक्षीला. मी तिला विचारलं, "त्या दिवशी ते शब्द म्हणताना तुला काय वाटलं?" तिला वाटलं असावं मी काहीतरी चांगलं ऐकायला आलोय. म्हणाली, "मिस्त्री, ते तुमचे शब्द आहेत. मी जीव वाचवायला वापरले. आता मला त्यांची शिसारी येते. सकाळी जरा हळू म्हणत जा." मी आता हळू म्हणतो. लेथही नाहीच आहे.

लंबूच्या तारा काढल्या. डोळा गेला. तो मंगळवारी कोर्टात येणार नाही आणि तुला भेटायलाही येणार नाही. धाकटीने फार गळ घातली. मी घातली नाही. भाकरीच्या पुढची ओळ मी त्याला अजून शिकवलेली नाही. त्याने विचारलं तर सांगेन. तोवर ती माझी मलाच पुरेशी जड आहे. तुला उद्देशून म्हणायला लागलो की रोज कुठे ना कुठे अडकतो, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.

परवा पाळकसाहेब आले होते. बराच वेळ टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, मंडळी विचारतात, की तुमच्या भावाचं नाव सभासदांतून काढायचं का? लोकांना फार वाईट दिसतं."

मी म्हटलं, "राहू द्या. नाव तिथं जन्मापासून आहे, त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं आणि सुधारलंही नव्हतं. माणूस अजून यायचाय."

भेटीच्या दिवशी येईन. तोंड फिरवून बसलास तरी चालेल, मी बसून राहीन.

तुझा,
दादा